बुटकी क्रेप मर्टल: आधी उंची, मग रंग

क्रेप मर्टल हे उन्हाळ्यात फुलणारं झाड घ्यायला निघालेला माणूस आधी रंगाबद्दल बोलतो. मी त्याला जागा विचारते. खिडकीखाली लावायची, ड्राइव्हवेच्या कडेला की मागच्या कुंपणाशी? खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंचीवर आहे, टेप लावून मोजलंत का? या झाडाच्या जाती गुडघ्याएवढ्या उंचीपासून दुमजली घराच्या छपरापर्यंत सगळ्या मापांत मिळतात. दुकानात, तीन गॅलनच्या कुंडीत मात्र सगळ्या एकसारख्याच दिसतात. फसगत होते ती तिथे.

मी अमेरिकेत टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोत राहते. माहेर परभणीकडचं, कापूस-ज्वारीच्या शेतातलं. इथे आल्यावर परसात पहिल्यांदा कुदळ मारली तेव्हा निघालेली माती पाहून मला हसूच आलं. तीच काळी, चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. डॅलसच्या वरपासून सॅन अँटोनिओपर्यंत या काळ्या मातीचा पट्टा पसरलाय. मृदाशास्त्रात आपली मराठवाड्याची भारी जमीन आणि ही जमीन एकाच गटात मोडतात. आपली लाव्ह्याच्या खडकातून झाली, इथली चुनखडीतून, एवढाच फरक. पण हा फरक पुढे पानांवर दिसतो, तेव्हा लक्षात ठेवा.

झाडही अगदी परकं नाही. महाराष्ट्राचं राज्यफूल तामण आणि सह्याद्रीतला नाणा हे दोघे क्रेप मर्टलच्याच कुळातले, एकाच प्रजातीत येणारे भाऊबंद. तीच झालरीसारखी सुरकुतलेली पाकळी, तीच सोलून निघणारी साल. क्रेप मर्टल मूळची चीनकडची, पण टेक्ससने तिला इतकं आपलंसं केलंय की १९९७ साली राज्याचं अधिकृत झुडूप म्हणून तिची निवड झाली.

आता बुटकी का

फेब्रुवारीत आमच्याकडे कुठल्याही गल्लीत जा. लॉन कापणाऱ्यांचे ट्रक उभे असतात आणि चांगल्या वीस फूट वाढलेल्या क्रेप मर्टल छातीएवढ्या उंचीवर करवतीने सपाट कापलेल्या दिसतात. इथले बागवाले याला ‘क्रेप मर्डर’ म्हणतात. कापलेल्या जागी गाठी येतात, गाठीतून झाडूभर बारीक काड्या फुटतात, आणि जुलैत फुलं लागून वर पाऊस पडला की त्या काड्या जमिनीपर्यंत वाकतात. हिवाळ्यात झाडाचं खरं सौंदर्य असतं ते गुळगुळीत, दालचिनी रंगाच्या खोडात. तेही गेलं. हे सगळं कशासाठी? तर कुणीतरी पंचवीस-तीस फूट वाढणारी ‘नॅचेझ’ खिडकीखाली लावली, आणि आता ती दरवर्षी खिडकी झाकते. जागेला बसेल अशी जात घेतली असती तर करवत लागलीच नसती. मी ज्यांना बाग लावायला मदत करते त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेते: छाटून लहान ठेवायचं झाड घ्यायचं नाही, मुळात लहान असलेलंच घ्यायचं.

कोणती जात घ्यायची

माझ्या अनुभवात तीन गट करून विचार केला की घोळ होत नाही.

अगदी छोटी हवी, वाफ्याच्या पुढच्या ओळीत किंवा कुंडीत, तर ‘चिकसॉ’ आणि ‘पोकोमोक’. कित्येक वर्षांनीही दोन-तीन फुटांच्या आसपास राहतात, उंचीपेक्षा रुंदीच जास्त. चिकसॉची फुलं गुलाबी-जांभळट, पोकोमोकची गडद गुलाबी. दोन्ही वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या सरकारी वृक्षउद्यानातून १९९० च्या दशकाअखेर आल्या. त्यामागची हकिकत सांगण्यासारखी आहे. १९५६ मध्ये जॉन क्रीच नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने जपानच्या याकुशिमा बेटावरून एका रानटी क्रेप मर्टलचं बी आणलं. तिला भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, जवळजवळ लागत नव्हती. डोनाल्ड इगोल्फ यांनी आर्बोरेटममध्ये तिचा संकर आपल्या नेहमीच्या क्रेप मर्टलशी केला आणि त्यातून निघालेल्या जातींना अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींची नावं दिली: नॅचेझ, मस्कोगी, अकोमा, टोंटो. इगोल्फ १९९० मध्ये गेले, पण नावांची रीत चालू राहिली. आमच्याकडून उत्तरेला रेड नदी ओलांडली की चिकसॉ नेशनचाच मुलूख लागतो. ते नाव वाचलं की मला दरवेळी तो पूल आठवतो.

दुसरा गट तीन ते पाच फुटांचा. खिडकीखाली, दाराच्या दोन बाजूंना किंवा कुंपणाच्या कडेने ओळीत लावायला हा सगळ्यात कामाचा. यात ‘चेरी डॅझल’ माझी आवडती. जॉर्जिया विद्यापीठातल्या मायकेल डर यांनी तयार केलेली, चेरीसारख्या लाल फुलांची, थंडीच्या तोंडावर पानंही लालसर होणारी. ‘व्हिक्टर’ ही जुनी लाल जातही याच मापात बसते.

तिसरा गट आठ-दहा फुटांचा, ‘अकोमा’, ‘टोंटो’ वगैरे. यांच्या लेबलवर ‘सेमी-ड्वार्फ’ लिहिलेलं असतं आणि घोटाळा त्यातल्या ‘ड्वार्फ’ या अर्ध्या शब्दाने होतो. अकोमाची पांढरी, खाली झुकणारी फुलं फार देखणी, पण ती घराच्या कोपऱ्याला लावायची, खिडकीखाली नाही. काळ्या पानांच्या जातींचंही तसंच. कुंडीत त्या इतक्या गोजिऱ्या दिसतात की हात आपसूक पुढे जातो, आणि चार वर्षांत त्या डोक्यावरून जातात.

लेबल वाचताना उंचीबरोबर रुंदीही वाचा, आणि लेबल हरवलेलं रोप कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. जमलं तर जुलैत आमच्या जवळच्या मकिनी गावाला एक चक्कर मारा. तिथे क्रेप मर्टलच्या जाती एकत्र लावलेली सार्वजनिक बाग आहे. पूर्ण वाढलेलं झाड डोळ्यांनी पाहिलं की मग कुठल्या फोटोवर विसंबावं लागत नाही. तुमच्या वसाहतीत एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेल तर पुढच्या अंगणात खोदण्याआधी त्यांची परवानगी घ्या. मंजुरीचं पत्र खड्ड्याच्या आधी हातात हवं.

जागा आणि ऊन

सहा तास थेट ऊन ही किमान अट. आठ तास मिळालं तर उत्तम. पश्चिमेचं, विटांच्या भिंतीवरून परतणारं जुलैतलं रणरणतं ऊनसुद्धा हिला सोसतं. आमच्याकडे पारा शंभर फॅरनहाइटच्या वर, म्हणजे ३८ अंशांपलीकडे, आठवडेच्या आठवडे असतो. गुलाब तेव्हा मान टाकतो आणि ही फुलत असते. सावलीत मात्र हिचे हाल होतात. फुलं येत नाहीत, काड्या उजेडाकडे ताणल्या जातात आणि पानांवर भुरी बसते. पूर्ण वाढलेल्या झुडपाची जी रुंदी लेबलवर असेल, तिच्या निम्म्याहून थोडं जास्त अंतर भिंतीपासून ठेवा, म्हणजे मागून हवा खेळेल. चार फूट रुंद होणारी जात भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर, आणि दोन रोपांमध्ये चार फूट. पहिली दोन वर्षं मधली जागा भकास दिसते. तिथे झेंडू लावा, पण रोपं जवळ आणू नका.

काळ्या मातीत लावणी

आमच्याकडे लावणीला ऑक्टोबर उत्तम, नाहीतर मार्चच्या मध्यानंतर थंडीचा धोका टळल्यावर. रंग पाहून घ्यायचं म्हणून जुलैत रोप घेतलं तरी चालतं, फक्त पहिला उन्हाळाभर पाण्याची जबाबदारी तुमची.

माती ओली असताना खोदू नका. आमच्या बाबांच्या भाषेत वाफसा आला पाहिजे. मूठभर माती घेऊन गोळा वळा आणि अंगठ्याने दाबा. चुरा झाला तर खोदायला तयार, नुसता चपटा झाला तर अजून दोन दिवस थांबा. ओल्या भारी जमिनीत फावडं घातलं की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं तिथून पुढे सरकत नाहीत. तरीही तशा झाल्याच तर खुरप्याने ओरखडे काढा.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच, खरं तर इंचभर कमी. रोपाचा वरचा काठ जमिनीच्या किंचित वर राहिला पाहिजे, कारण ही माती नंतर बसते. खड्ड्यात पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर तिथे जमिनीत लावू नका, आठ-दहा इंच उंच वाफा करून त्यावर लावा.

आता एक गोष्ट, जिच्यावरून माझे आणि आमच्या बागप्रेमी मंडळींचे नेहमी वाद होतात. खड्डा नुसत्या कंपोस्टने आणि पिशवीतल्या विकतच्या मातीने भरायचा नाही. भोवती चिकण माती आणि मधे भुसभुशीत माती असली की तो खड्डा रांजण होतो: पावसाचं पाणी आत उतरतं आणि तिथेच साचतं, मुळंही त्या मऊ मातीतच गोल गोल फिरत राहतात. जी माती काढली तीच ढेकळं फोडून परत भरा. कंपोस्ट वापरायचंच असेल तर अख्ख्या वाफ्यात पसरून सगळीकडे सारखं मिसळा, नाहीतर वरून दोन इंचांचा थर द्या. निचऱ्यासाठी इथे भट्टीत भाजून फुगवलेल्या शेल खडकाची खडी मिळते, तीही अख्ख्या वाफ्यात मिसळायची, एका खड्ड्यात नाही. आणि वाळू? चिकण मातीत थोडीशी वाळू टाकली तर जमीन आणखीच घट्ट होते. वाळूच्या वाटेला जाऊच नका.

कुंडीतून काढल्यावर मुळांनी वेटोळं घातलेलं असेल तर बोटांनी मोकळं करा. फारच आवळलेलं असेल तर बाजूने तीन-चार उभे काप द्या. घाबरू नका, ही झाडं चिवट असतात. मग भरपूर पाणी, आणि वर दोन-तीन इंच लाकडाच्या भुश्याचं किंवा सालपटांचं आच्छादन. आच्छादन खोडाला टेकवायचं नाही, चार बोटं मोकळी ठेवायची.

पाणी आणि खत

पहिला उन्हाळा महत्त्वाचा. रोज थोडं थोडं पाणी देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, पण मुळांच्या खालपर्यंत भिजेल असं सावकाश द्या. डॅलस शहरात स्प्रिंकलर आठवड्यातून जास्तीत जास्त दोनच दिवस लावता येतो, त्यामुळे हे वेळापत्रक कायद्यातही बसतं. मी नळी अगदी बारीक सोडून बुडाशी ठेवते. पानांवर पाणी उडवत नाही. दुसऱ्या वर्षापासून पाणी निम्म्यावर आणा. इथले लोक उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती झिरपणारी नळी अंथरतात, माती आकसून भिंतींना तडे जाऊ नयेत म्हणून. झुडपं घरालगतच्या वाफ्यात असतील तर त्याच पाण्यात त्यांचंही भागतं.

खताचा हात आखडता ठेवा. कोंब फुटताना, मार्चअखेरीस, एक पातळ थर कंपोस्टचा, बस. लॉनला टाकायचं नत्राचं खत झुडपाच्या बुडाशी पडू देऊ नका. नत्र जास्त झालं की हिरवागार पाला माजतो, फुलं मागे पडतात आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा तुटून पडतो. ऑगस्टनंतर तर काहीच देऊ नका, नाहीतर थंडीच्या तोंडावर कोवळी फूट येते आणि पहिल्या कडाक्यात ती जळते.

चुनखडीची गोष्ट वर सांगितली ती इथे लागू पडते. आमच्या मातीचा सामू (पीएच) आठच्या आसपास जातो आणि क्रेप मर्टलला किंचित आम्ल माती आवडते. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं की लोह कमी पडतंय असं समजा. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे झाडाला घेता येत नाही. झाडाला घेता येईल अशा रूपातलं, ‘चिलेटेड’ लोह विकत मिळतं. त्यातलं ईडीडीएचए लिहिलेलंच घ्या, दुसरे प्रकार एवढ्या विम्ल मातीत टिकत नाहीत.

छाटणी

बुटक्या जातीला छाटणी जवळजवळ लागत नाही, आणि मला ती त्यासाठीच आवडते. फुलं त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात, म्हणून कापायचं ते कोंब फुटण्याआधी, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या काड्या सिकेटरने बुडाशी काढा. पेन्सिलपेक्षा जाड काडी कापायची वेळ आली तर कारण स्वतःलाच विचारा. हेज कापायच्या यंत्राने चौकोनी ठोकळा करायचा मोह आवरा.

खरी मेहनत जुलैत. पहिला बहर ओसरला की घोसांच्या जागी हिरव्या मण्यांएवढी बोंडं धरतात. ती पिकायच्या आत घोसाखालचा शेंडा खुडा, काही आठवड्यांत दुसरा बहर येतो. वीस फुटी झाडावर हे शक्य नसतं, बुटक्या झुडपावर चहा पिता पिता होतं. दोन वेळा खुडलं तर गणपतीपर्यंत फुलं राहतात. मी लाल घोस देवापुढे ठेवते, पण दुपारपर्यंत निम्म्या पाकळ्या खाली आलेल्या असतात, हे आधीच सांगून ठेवते.

थंडीत जळाली तर

फेब्रुवारी २०२१ च्या वादळात डॅलस विमानतळावर उणे २ फॅरनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सिअसच्या आसपास तापमान नोंदलं गेलं. त्या वसंतात लोकांनी कितीतरी क्रेप मर्टल मेल्या समजून उपटून टाकल्या. ही झाडं मुळात उशिरा जागी होतात, एप्रिल अर्धा सरला तरी काड्या वाळक्या दिसू शकतात. नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर काडी जिवंत आहे. वरपासून खालपर्यंत तपकिरीच असेल तरी मे अखेरपर्यंत थांबा, बुडातून धुमारे येतात. मोठं झाड असं बुडातून फुटलं की त्याचा आकार परत यायला वर्षं जातात. बुटकं झुडूप त्याच उन्हाळ्यात फुलतं, कारण फूल नव्या फुटीवरच येणार असतं.

भुरी, मावा आणि पांढरी खवले कीड

भुरी, म्हणजे पानांवरचा पांढरा पिठासारखा थर, वसंतात दमट हवेत आणि सावलीत येते. जात चांगली आणि ऊन भरपूर असेल तर फवारणीची वेळ येत नाही. मावा पानांच्या खालच्या बाजूला असतो. त्याचा चिकट स्राव पानांवर पडतो आणि त्यावर काजळी चढते. पाण्याचा जोरदार फवारा खालून मारला की बहुतेक मावा जातो.

खवले किडीकडे मात्र लक्ष हवं. ही कीड अमेरिकेत पहिल्यांदा आमच्या शेजारच्या रिचर्डसनमध्ये २००४ साली आढळली आणि तिथून दक्षिणेकडच्या कितीतरी राज्यांत पसरली. फांद्यांच्या बेचक्यांत जेमतेम दोन मिलिमीटरचे पांढरे, लवदार ठिपके दिसतात. खोड काळं पडलेलं असतं. ठिपका नखाने चिरडा, गुलाबी पाणी निघालं तर ओळख पक्की. रोप विकत घेतानाच बेचके तपासा, कारण ती बहुधा विकतच घरी येते.

माझा उपाय हिवाळ्यातला. पानं गळाली की मऊ ब्रश आणि भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी घेऊन फांद्या पुसून काढायच्या, मग बागेसाठी मिळणारं खनिज तेल लेबलप्रमाणे फवारायचं. बुटक्या झुडपाचं हे काम एका सकाळीत होतं. मातीत ओतायचं इमिडाक्लोप्रिड काम करतं हे खरं, पण ते परागातही उतरतं. क्रेप मर्टलच्या फुलात मध नसतो, मधमाश्या येतात त्या परागासाठीच. फुलाच्या मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका दिसतो ना, तोच त्यांचा खाऊ. म्हणून मी ते औषध ओतत नाही. फांद्यांवर दोन लाल ठिपक्यांचे काळे ढालकिडे किंवा त्यांच्या काटेरी, ओबडधोबड अळ्या दिसल्या तर त्यांना हात लावू नका. खवले कीड हेच त्यांचं जेवण.

कुंडी आणि काडीपासून नवं रोप

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी दोन-तीन फुटी जात निवडावी. दीड फूट रुंद, खाली भोकं असलेली कुंडी. इथे अंगणातली काळी माती वापरू नका, कुंडीसाठीचं हलकं मिश्रण घ्या. उन्हाळ्यात रोज पाणी लागेल. कडाक्याच्या रात्री कुंडी भिंतीला चिकटवून जुन्या चादरीत गुंडाळा, कारण कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही. पुण्यातही क्रेप मर्टल रोपवाटिकांत मिळते आणि गच्चीत छान वाढते. तिथे थंडीची भीती नाही, पण पावसाळ्यात कुंडी साचलेल्या पाण्यात उभी राहू देऊ नका.

काडीपासून रोप सहज होतं. जूनअखेर ते ऑगस्टमध्ये, फूल न लागलेल्या, बुडाशी जरा कडक झालेल्या फुटीची पाच-सहा इंचांची काडी घ्या. खालची पानं काढा, दोन डोळे मातीखाली जातील अशी परलाइट मिसळलेल्या ओलसर मिश्रणात खोचा आणि उजेडाच्या सावलीत ठेवा. वरून पारदर्शक पिशवी झाकली तर महिनाभरात मुळं धरतात. बियांपासून रोपं होतात, पण ती आईसारखी बुटकी निघतीलच असं नाही. नव्या जातींपैकी पुष्कळ जातींवर पेटंट असतं, लेबलवर तसं लिहिलेलं असलं तर काड्या लावून वाटायच्या नाहीत. चिकसॉ आणि पोकोमोक सरकारी संस्थेच्या जाती, त्यांच्या काड्या खुशाल मैत्रिणींना द्या. मुळं धरलेलं रोप पहिला हिवाळा गॅरेजच्या खिडकीशी काढू द्या आणि मार्चअखेरीस बाहेर लावा.